'टू डेज आफ्टर' चालतं, मग 'टू डेज व्हेन' का नाही? (इंग्रजी व्याकरण)

लाल_पेन
कामाचा भाग म्हणून रोज दुसऱ्यांचं इंग्रजी तपासावं लागतं. मेल, मॅन्युअल, ट्रेनिंगच्या नोट्स, काहीही. चूक दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागतो, पण "का?" विचारलं की माझी पंचाईत होते. सध्या अडलोय ते उभयान्वयी अव्ययांच्या आधी लागणाऱ्या शब्दांवर. उदाहरणं बघा:

'ही कॉल्ड टू डेज आफ्टर ही जॉइन्ड' बरोबर. 'टेन मिनिट्स बिफोर द बस लेफ्ट' बरोबर. पण 'टेन मिनिट्स व्हेन द बस लेफ्ट' चूक. 'ओन्ली बिकॉज' चालतं, पण कारण सांगणाऱ्या 'सिन्स'ला 'ओन्ली' लावून बघा, नाही चालत. 'इव्हन दो' आहे, 'इव्हन ऑलदो' सहसा कोणी लिहीत नाही. 'इव्हन इफ' आहे, 'इव्हन अनलेस' नाही.

शाळेत उभयान्वयींची यादी पाठ केली होती. त्यांच्या आधी काय बसतं आणि काय नाही, हे कोणी शिकवलं नाही. यामागे काही नियम आहे, की ज्याचं त्याचं पाठांतर?

(इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितोय. मोबाइलवर दर दोन शब्दांनी कळफलक बदलायचा मला भयंकर कंटाळा आहे. तुम्हीही तसंच लिहा, वाचायला एकसारखं राहील.)

निवांतराव
पाठांतर. इंग्रजीत नियम शोधणाऱ्याचे केस लवकर पांढरे होतात. पुढचा धागा काढा.

खडूफळा
निवांतराव, तुमचे केस कशाने गेले ते माहीत आहे आम्हाला. :)

लाल_पेन, नियम आहे, फक्त तो शब्दांचा नाही, अर्थाचा आहे. मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते, त्यामुळे जरा लांबण लावते.

पहिली गोष्ट: 'टू डेज' हे 'आफ्टर' या एकट्या शब्दाला चिकटलेलं नाही. 'आफ्टर ही जॉइन्ड' हा अख्खा गट आधी तयार होतो, आणि त्या गटावर 'टू डेज' बसतं. म्हणून 'आफ्टर'च्या पुढे काय आहे याने 'टू डेज'ला फरक पडत नाही. 'टू डेज आफ्टर ही जॉइन्ड', 'टू डेज आफ्टर द इंटरव्ह्यू', आणि पुढे काहीच नसताना नुसतं 'टू डेज आफ्टर'. तिन्ही चालतात.

दुसरी गोष्ट म्हणजे 'टू डेज', 'टेन मिनिट्स', 'थ्री इयर्स' हे नामांचे गट अंतर मोजतात. अंतर मोजायचं तर दोन बिंदू लागतात आणि ते वेगळे असावे लागतात. 'आफ्टर' आणि 'बिफोर' नेमके तेच करतात: एक घटना इथे, दुसरी तिच्या पुढे किंवा मागे. 'व्हेन' दोन्ही घटना एकाच जागी आणून ठेवतो, मग मोजणार काय? 'व्हाइल'मध्ये एक घटना दुसरीच्या पोटात असते, तिथेही अंतर नाही. 'वन्स'चा अर्थ 'आफ्टर'च्या जवळचा असला तरी त्याचा रोख "एकदा का झालं की" यावर आहे, लांबीवर नाही. म्हणून 'टू डेज वन्स ही जॉइन्ड' होत नाही.

चणाडाळ
मग 'टेन मिनिट्स अंटिल द बस लीव्ह्ज' कसं चालतं? हे मी स्वतः ऐकलंय.

खडूफळा
चांगली शंका. पूर्ण वाक्य 'इट्स टेन मिनिट्स अंटिल द बस लीव्ह्ज' असं असतं. तिथे 'टेन मिनिट्स' हीच मुख्य बातमी आहे: आत्तापासून बस सुटेपर्यंत एवढा वेळ आहे. ते 'अंटिल'च्या गटावर बसलेलं नाही. खात्री करायची तर 'ही केम टेन मिनिट्स अंटिल द बस लेफ्ट' म्हणून बघा. कानाला लगेच खुपतं. 'इट्स टू इयर्स सिन्स ही लेफ्ट' याचंही तसंच.

घाटावरचा_कोडर
आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक अजून कोणी लिहिलीच नाही. 'आफ्टर टू डेज ऑफ जॉइनिंग'. आमच्या ऑफिसात दर तिसऱ्या मेलमध्ये असतं. आणि तिचं सख्खं भावंड म्हणजे 'बिफोर टू इयर्स आय वॉज इन नाशिक'.

याचं मूळ सरळ मराठीत आहे. आपण म्हणतो "रुजू झाल्यानंतर दोन दिवसांनी". 'नंतर' आधी येतं, 'दोन दिवसांनी' मागून. तोच क्रम उचलला की 'आफ्टर टू डेज'. तसंच "दोन वर्षांपूर्वी"मधलं 'पूर्वी' म्हणजे 'बिफोर' असं डोक्यात बसलंय, म्हणून 'बिफोर टू इयर्स'. तिथे हवं 'टू इयर्स अगो', कारण मोजणी आत्तापासून मागे चालली आहे. 'टू इयर्स बिफोर' म्हणायचं तर दुसरी एखादी घटना हवी, जिच्या दोन वर्षं आधी.

आणि हे नुसतं कानाला खटकतं म्हणून सोडून देण्यासारखं नाही, अर्थ बदलतो. 'टू डेज आफ्टर ही जॉइन्ड, ही लेफ्ट' म्हणजे रुजू झाला आणि दोन दिवसांनी गेला. 'आफ्टर टू डेज ही जॉइन्ड' म्हणजे दोन दिवस गेल्यावर रुजू झाला. पहिल्यात रुजू होणं आधी, दुसऱ्यात आधी ते दोन दिवस जातात. करारात पैसे देण्याच्या मुदतीचं कलम असं लिहिलं तर वकिलांची दिवाळी.

लाल_पेन
हे 'ऑफ जॉइनिंग' प्रकरण माझ्याकडे रोजचं आहे. आता लाल रेघ मारताना कारणही लिहीन. धन्यवाद.

पुढचा प्रश्न: नामांचे गट समजले. क्रियाविशेषणांचं काय? 'लाँग बिफोर' चालतं, 'सून आफ्टर' चालतं. मग 'सून बिफोर' का ऐकू येत नाही?

खडूफळा
'सून'मध्ये "इथून पुढे लवकर" असा पुढे जाणारा अर्थ आहे, तो 'आफ्टर'शी जुळतो. मागे जायचं असेल तर 'शॉर्टली बिफोर' किंवा 'जस्ट बिफोर' घ्यायचं. 'शॉर्टली' दोन्हीकडे चालतं. 'लाँग' आणि 'वेल' पण दोन्हीकडे: 'लाँग आफ्टर', 'वेल बिफोर'. आपल्याकडे 'मच बिफोर' फार लिहितात, "खूप आधी" या हिशोबाने. रूढ 'लाँग बिफोर' किंवा 'वेल बिफोर' आहे, मी मुलांना तेच लिहायला सांगते.

'राइट' हा शब्द वेगळा लक्षात ठेवा. 'राइट आफ्टर ही लेफ्ट', 'राइट बिफोर आय स्लेप्ट'. "लगेच, अगदी लागून" असा अर्थ.

एक मजेशीर प्रकार सांगते. ब्रिटिश इंग्रजीत 'इमिजिएटली' आणि 'डायरेक्टली' ही क्रियाविशेषणं स्वतःच उभयान्वयी होऊन बसली आहेत. 'इमिजिएटली ही अराइव्ह्ड, द मीटिंग बिगॅन' म्हणजे तो आल्याआल्या सभा सुरू झाली. मध्ये 'आफ्टर' नाही की 'व्हेन' नाही. लाल_पेन, असं वाक्य दिसलं तर लगेच रेघ मारू नका.

व्याकरणछंदी
खडूफळाताईंनी 'आफ्टर'ची तिन्ही रूपं दिली तेव्हाच लिहिणार होतो. पुढे वाक्य आलं की 'आफ्टर' उभयान्वयी, पुढे नाम आलं की शब्दयोगी, पुढे काहीच नसलं की क्रियाविशेषण. एकाच शब्दाच्या तीन जाती, अर्थ मात्र तोच. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने 1924 सालीच यावर बोट ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की क्रियापदाला कर्म असो वा नसो, आपण त्याला क्रियापदच म्हणतो. मग 'बिफोर'च्या पुढे काय येतं यावरून त्याची जात का बदलायची?

2002 मध्ये हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांच्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणाने हे मनावर घेतलं. त्यांच्या मते 'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स', 'बिकॉज', अगदी शर्तीचं 'इफ' सुद्धा, ही सगळी प्रेपोझिशनं (म्हणजे शब्दयोगी), फक्त काहींच्या पुढे वाक्य येतं. खरी गौणत्वसूचक, म्हणजे पुढच्या वाक्याला नुसतं गौण करणारी, म्हणून उरतात 'दॅट', 'व्हेदर' आणि "की नाही" या अर्थाचा 'इफ' अशी मोजकीच. यातला एक मोठा पुरावा हा धाग्याचाच विषय आहे. 'टू डेज', 'राइट', 'शॉर्टली' हे सगळे 'आफ्टर'च्या तिन्ही रूपांवर सारखेच बसतात. 'राइट दॅट ही लेफ्ट' मात्र कधीच होत नाही.

खडूफळा
छंदी, वाचलंय ते. पण 1985 चं क्वर्क आणि मंडळींचं व्याकरण अजून जुनी विभागणी धरून आहे आणि शाळेची पुस्तकंही. बारावीच्या पोराला 'बिकॉज' हे प्रेपोझिशन आहे असं सांगितलं तर ते घरी जाऊन सांगेल आणि पालक मला भेटायला येतील. वर्गात मी नाव बदलत नाही, गट दाखवते.

व्याकरणछंदी
हरकत नाही. पण मग लाल_पेनच्या सहकाऱ्यांना "उभयान्वयीच्या आधी क्रियाविशेषण लागतं" असं सांगू नका एवढंच. तो शब्द पूर्ण गटाच्या आधी लागतो, हे तुम्हीच वर लिहिलंय.

मराठीत हा घोळ कमी आहे. 'जेवणानंतर', 'जेवल्यानंतर', नुसतं 'नंतर'. आपण 'नंतर'च्या पुढे पूर्ण वाक्य ठेवतच नाही. क्रियापदाचं 'जेवल्या' करून त्याला मागून जोडतो. त्यामुळे 'नंतर'ला उभयान्वयी म्हणायची वेळ येत नाही.

सांजपारवा
'ओन्ली सिन्स'चं उत्तर राहिलं. मला असं वाटतं, आणि मराठीत ते लख्ख दिसतं.

'बिकॉज' नवीन माहिती देतो. "का?" या प्रश्नाचं उत्तर 'बिकॉज'ने सुरू करता येतं. कारण सांगणारा 'सिन्स' आणि 'अ‍ॅज' हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेलं, गृहीत धरलेलं कारण मांडतात. "का आलास?" याला 'सिन्स यू कॉल्ड मी' हे उत्तर होत नाही. आता 'ओन्ली', 'जस्ट', 'मेनली', 'पार्टली', 'सिंपली', 'प्रिसाइसली' हे सगळे शब्द काय करतात? "अनेक कारणांपैकी हेच", "मुख्यतः हे", "थोडंफार हे" अशी निवड करतात. निवड करायला कारण टेबलावर मांडलेलं हवं. जे आधीच गृहीत धरून बाजूला ठेवलं त्यातून निवडणार काय?

मराठीत करून बघा. "केवळ तू म्हणालास म्हणून मी आलो" झकास. "केवळ ज्याअर्थी तू म्हणालास त्याअर्थी मी आलो" म्हणून बघा. कोणी म्हणेल का? 'ज्याअर्थी' म्हणजे थेट 'सिन्स'.

काळाच्या 'सिन्स'ला मात्र 'एव्हर' लागतं: 'एव्हर सिन्स ही लेफ्ट'. हा 'एव्हर' लावला की कारणाचा अर्थ गळून पडतो, फक्त "तेव्हापासून" उरतो. ज्या वाक्यात 'सिन्स'चे दोन्ही अर्थ निघतात तिथे हा उपाय कामाला येतो.

घाटावरचा_कोडर
ज्याअर्थीचं उदाहरण जबरी. +1

चणाडाळ
'जस्ट बिकॉज'वर एक भर. 'आय डिडन्ट कम जस्ट बिकॉज यू कॉल्ड' याचे दोन अर्थ होतात. एक, मी आलो, पण नुसतं तू बोलावलंस म्हणून नाही, आणखीही कारण होतं. दोन, तू बोलावलंस एवढ्याच कारणाने मी मुद्दाम आलो नाही. बोलताना आवाजावरून कळतं, मेलमध्ये भांडण लागतं. लिहिताना वाक्य मोडून दोन करावं हे बरं.

आणि ते 'जस्ट बिकॉज यू आर ओल्डर डझन्ट मीन यू आर राइट'. त्यात 'डझन्ट मीन'चा कर्ता कोण?

व्याकरणछंदी
तो अख्खा 'जस्ट बिकॉज यू आर ओल्डर' हा गटच कर्त्याच्या जागी बसलाय. बोली वळणाचं आहे, पण इंग्रजी मातृभाषा असलेले सर्रास बोलतात. औपचारिक पत्रात मी टाळेन. 'जस्ट' काढून नुसतं 'बिकॉज यू आर ओल्डर डझन्ट मीन' म्हणा, लंगडं वाटतं. 'जस्ट'वाचून ही रचना नीट उभीच राहत नाही.

निवांतराव
आता 'इव्हन'चं बोला. माझा मुलगा 'इव्हन इफ' आणि 'इव्हन दो'मध्ये दर परीक्षेत मार्क घालवतो. (हो, धागा वाचतोय.)

खडूफळा
या या! मराठीत दोन्हींना "जरी... तरी" पुरतं, म्हणून गोंधळ. "जरी पाऊस आला तरी मी जाईन" यात पाऊस येईल की नाही ठाऊक नाही: 'इव्हन इफ इट रेन्स'. "पाऊस असूनही मी गेलो" यात पाऊस होता, हे पक्कं: 'इव्हन दो इट वॉज रेनिंग'. मुलाला सांगा, "असूनही, येऊनही" असं म्हणता आलं तर 'दो', नाहीतर 'इफ'. बहुतेक ठिकाणी निभावतं.

'जरी-तरी'चा दुसरा प्रताप म्हणजे 'ऑलदो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट'. 'जरी'चं 'ऑलदो', 'तरी'चं 'बट'. इंग्रजीला एकच पुरतो.

'इव्हन ऑलदो' का नाही, तर 'ऑलदो' हाच मुळात 'ऑल' आणि 'दो' जोडून झालेला शब्द. तो 'ऑल' मध्ययुगीन इंग्रजीत जोर द्यायलाच होता, आजच्या 'इव्हन'सारखा. जोर झिजला, शब्द उरला. आता त्यावर पुन्हा 'इव्हन' म्हणजे आधीच फोडणी दिलेल्या वरणाला परत फोडणी.

सांजपारवा
'अनलेस'चंही तसंच ना? त्याच्या पोटातच "एवढं सोडून" आहे. त्यामुळे 'ओन्ली अनलेस' नाही, 'इव्हन अनलेस' नाही. आपल्याकडचं 'अंटिल अँड अनलेस' मात्र कोणी थांबवू शकत नाही.

खडूफळा
'अंटिल ही डझन्ट कम' पण. "जोपर्यंत तो येत नाही"मधला नकार जसाच्या तसा. 'अंटिल'ला तो लागत नाही.

लाल_पेन
'ओन्ली'बद्दल सविस्तर हवं होतं. 'ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड आय रिअलाइझ' यात मध्येच 'डिड' का येतो? 'टू डेज आफ्टर ही लेफ्ट आय रिअलाइझ्ड' यात येत नाही.

व्याकरणछंदी
कारण 'ओन्ली'त नकार दडलाय: "त्याआधी नाही". इंग्रजीत नकारी गट वाक्याच्या सुरुवातीला आणला की प्रधान वाक्यात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जातं. 'नॉट अंटिल ही लेफ्ट डिड आय रिअलाइझ' हे त्याचंच उघड रूप. 'नो सूनर हॅड ही रीच्ड दॅन' ही परीक्षेतली लाडकी रचना पण याच घराण्यातली. 'टू डेज'मध्ये किंवा 'इव्हन'मध्ये नकार नाही, म्हणून 'इव्हन आफ्टर ही लेफ्ट, आय स्टेड' सरळ चालतं.

उलट फिरतं ते प्रधान वाक्य, हे नीट बघा. 'ओन्ली आफ्टर डिड ही लीव्ह' असं लिहिणारे खूप भेटतील.

घाटावरचा_कोडर
'ओन्ली इफ'वर आमच्या क्षेत्रातली सूचना. 'यू विल पास ओन्ली इफ यू सबमिट द जर्नल' याचा अर्थ जर्नल दिली की पास असा नाही. जर्नल नाही दिली तर नापास, एवढंच. दिली तरी परीक्षेत लटकू शकता. दोन्ही बाजूंनी हमी द्यायची तर 'इफ अँड ओन्ली इफ' म्हणावं लागतं. आणि 'इफ ओन्ली' हे पूर्ण वेगळं, "असं असतं तर किती बरं" या अर्थाचं.

मराठीत हा 'ओन्ली' नेहमी मागून चिकटतो: "दिलीस तरच", "गेल्यावरच", "म्हणूनच". 'इव्हन'चंही तसंच: "आला तरीही", "गेल्यावरसुद्धा". इंग्रजी जे गटाच्या आधी ठेवतं ते आपण शेपटाला लावतो. म्हणून भाषांतर करताना 'ओन्ली' बहुधा क्रियापदाजवळ जाऊन पडतो: 'ही विल ओन्ली पास इफ'. बोलण्यात चालतं, पण नियमावली लिहिताना 'ओन्ली' 'इफ'ला खेटून ठेवा.

चणाडाळ
नामांचा गटच उभयान्वयी होतो ते राहिलं की. 'द मोमेंट ही सॉ मी', 'एव्हरी टाइम आय कॉल', 'द डे वी मेट', 'नेक्स्ट टाइम यू कम', 'बाय द टाइम ही रीच्ड'.

खडूफळा
हो, आणि यांच्या पुढे 'व्हेन' लावायचा नाही. 'नेक्स्ट टाइम व्हेन यू कम' आणि 'बाय द टाइम व्हेन' हे दोन्ही मी रोज खोडते. 'द मोमेंट'चं काम 'अ‍ॅज सून अ‍ॅज'सारखंच, "पाहताक्षणी". 'अ‍ॅज सून अ‍ॅज'च्या आधी 'ऑलमोस्ट' बसतो, 'द मोमेंट'मध्ये मात्र 'द व्हेरी मोमेंट' असा 'व्हेरी' आत शिरतो. नामाचा गट आहे ना, आतून सजवता येतो.

लाल_पेन
शेवटचं. इंग्रजी पेपरांच्या मथळ्यांत 'इव्हन अ‍ॅज' फार असतं. 'इव्हन अ‍ॅज टॉक्स कंटिन्यू, प्रायसेस राइज'. हा 'इव्हन' म्हणजे "सुद्धा" का?

सांजपारवा
नाही. इथे "नेमकं त्याच वेळी", आणि त्यात थोडा विरोध: एकीकडे चर्चा चालू, दुसरीकडे भाव वर. 'जस्ट अ‍ॅज'मध्येही त्याच वेळी असतं, पण विरोध नसतो, आणि 'जस्ट अ‍ॅज'चा "अगदी तसंच" असा आणखी एक अर्थ आहे. मराठी मथळा लिहायचा झाला तर "चर्चा सुरू असतानाच भाववाढ". तो 'असतानाच'मधला 'च' म्हणजे हा 'इव्हन'.

निवांतराव
म्हणजे इंग्रजीत 'इव्हन' आणि मराठीत 'च'? इथे तर वर कोडरने 'इव्हन'ला 'ही' आणि 'ओन्ली'ला 'च' दिला होता. आता मुलाला काय सांगू?

सांजपारवा
'असतानाच'चा 'च' "फक्त"वाला नाही, "नेमका"वाला आहे, "आत्ताच आला" मधल्यासारखा. आणि 'इव्हन अ‍ॅज' त्याच्या परीक्षेत येणार नाही, त्यामुळे सध्या काही सांगू नका.